आत्याबाईंची खिडकी

बंगलोर,
१४ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप आत्या,

पाया पडतो. मी इथं टेलिफोनचे खांब रोवतो असं सारजाबाईंनी गावभर केलंय, हे वाचून आमच्या खोलीवर सगळे पोट धरून हसले. त्यांना सांगा, खांबावर चढायला जमत असतं तर आमच्या आईनं जन्मभर माझ्या तब्येतीचं रडगाणं गायलं नसतं.

तुम्ही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. परंड्याच्या पोस्टात आपण ट्रंक कॉल लावायला बसलो होतो, आठवतं? ती बाई एका भोकातली वायर काढून दुसऱ्या भोकात खोचत होती. तेच काम आता कॉम्प्युटर करणार आहे. काय करायचं ते त्याला लिहून द्यावं लागतं, त्याला प्रोग्राम म्हणतात. तो आम्ही लिहितो. आता गोम अशी की लिहिलेलं बदलावं लागतं. गाव वाढतं, नियम बदलतात, आमच्याच चुका सापडतात. आणि बदलायचं म्हटलं की आख्खं यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. त्या वेळी कुणी सांगत असेल, ‘पोरगी सुखरूप आहे, मुलगा झाला आणि...’ की तिथंच खट! सगळ्या गावाची बोलणी तुटतात.

मला असा प्रोग्राम बांधायचाय की चालता चालता बदलता येईल, एकाचंही बोलणं न तोडता. म्हणून मी त्याचे तुकडे केलेत. एक तुकडा नंबर ऐकतो, एक वाट शोधतो, एक बोलणं धरून ठेवतो. ते एकमेकांना थेट ओळखत नाहीत. मध्ये एक मुकादम ठेवलाय, ऊसतोडीच्या टोळीला असतो तसा. काम कुणाकडं न्यायचं ते तो सांगतो. त्यामुळं एक गडी बदलला तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

अडलंय ते मुकादमापाशी. त्यालाच बदलायची वेळ आली तर? आमचे साहेब हणमंतप्पा म्हणाले, ‘घर सगळं हलवता येतं, पण मधली मेढ हलत नाही. मग मेढीलाच वाळवी लागली तर काय करशील?’ पाडव्यानंतर चाचणी आहे, तोवर काहीतरी सुचायला हवं.

तुमची तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात अक्षर हललेलं वाटलं.

तुमचा,
बलभीम


निंबोळवाडी, ता. परंडा,
२ डिसेंबर १९८६

चि. बलभीमा,

औक्षवंत हो. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काय बी कळलं न्हाय, दुसऱ्यांदा कळलं की तुला पगार बोलन्याचाच मिळतो. सारजाला म्या सांगितलं, खांब न्हाय, त्यो वायरीतल्या लोकांचा मुकादम हाय. ती म्हनली, मंग लगीन जमंल आता.

इथं हस्त कोरडा गेला. हिरी तळाला गेल्या. माळावर गुरांची छावनी पडलीया, लांबलांबच्या वाड्यांतली मानसं जनावरं घिऊन आलीत. पिकाची आशा कुनालाच न्हाय, दूध हाय म्हनून चूल हाय. आन् ह्यातच त्यो खवा भट्टीवाला रोज मोटारसायकलवर येतो, लई गोड बोलतो, दूध संस्थेच्या रांगेत कामून उभं ऱ्हाता, मलाच दूध घाला म्हनतो. आज गोड बोलंल. संस्था मोडली की मंग हाय त्याची मर्जी.

दुधाची गाडी सिद्रामप्पा आनतो. त्यानं साफ सांगून ठिवलंय, कॅन भरलं न्हाय तर ह्या फाट्याला गाडी वळनार न्हाय, वरनंच हुकूम हाय. म्हनून मी सकाळ-सांज संस्थेच्या खिडकीत बसते. परत्येकाच्या दुधात नळी सोडून डिग्री लावते, पानी असंल तर परत करते, मंग त्यो मानूस कोन का असंना. गावाचं आन् बौद्धवाड्याचं दूध एकाच कॅनात वतायचं म्हनून म्या किती भांडन काढलं व्हतं, तू ल्हान व्हतास. आता कोन बोलत न्हाय. पिराजीची चांगुणा, बौद्धवाड्यातली, मॅट्रिक झालेली, माझ्या हाताखाली हाय. कॅन धुती, पावत्या फाडती, लई चलाख पोरगी.

तू मुकादम बदलायचं म्हनतोस. अरे, मुकादम कामून बदलायचा? मुकादमानं जागा सोडायची नसती. मी बसते म्हनून संस्था उभी हाय. तुझ्या साहेबाला सांग, मेढीला वाळवी लागू नये यवढंच बघायचं असतं.

अक्षराचं म्हनशील तर टेबलाचा एक पाय मोडलाय. दुसरं काय बी न्हाय.

आत्या


निंबोळवाडी,
९ जानेवारी १९८७

बलभीमदादांस,

चांगुणा पिराजी हिचा जयभीम. आत्याबाईंना न सांगता हे पत्र टाकते आहे. त्यांना कळलं तर माझी धडगत नाही, तरी लिहिते.

टेबलाचे चारही पाय धड आहेत. तुम्हाला पाठवलेलं पत्र त्यांनी मला हसत हसत वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून मला झोप लागत नाही. त्यांच्या पोटात गाठ आहे. दिवाळीच्या आधी मीच त्यांच्यासोबत बार्शीला गेले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून काढून टाका, आत्ता केलं तर निभावेल, पुढं ढकललं तर माझ्या हातात काही राहणार नाही. आत्याबाई म्हणाल्या, उन्हाळा सरू दे. मी त्यांना खूप बोलले. त्या म्हणाल्या, मी उठले की खिडकी बंद, खिडकी बंद झाली की कॅन रिकामं, गाडी बंद, आणि लोकांनी एकदा जनावरं विकली की ती परत येत नाहीत.

खिडकीत बसताना पोटाशी उशी दाबून धरतात. बाहेरून ती दिसत नाही.

मी म्हणाले, तुमच्या जागी मी बसते. मला डिग्री लावता येते, पाण्याचं दूध नुसतं बघून कळतं. त्या म्हणाल्या, तुला डिग्री वाचता येते गं, पण लोक तुझ्या हातची डिग्री मानतील का? दादा, आमच्या म्हशीचं दूध गावाच्या दुधात मिसळलेलं चालतं, पण माझा हात चालेल की नाही हे मलाच ठाऊक नाही.

तुम्ही काही तरी करा. त्या तुमचंच ऐकतात.

चांगुणा


बंगलोर,
१७ जानेवारी १९८७

आत्या,

टेबलाचा पाय! शाबास! आख्ख्या तालुक्याचं दूध तपासता, पाणी घालणाऱ्याला घरी पाठवता, आणि मला पत्रातून निव्वळ पाणी पाजता होय? मी तुम्हाला चांगुणावर अजिबात रागावू देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. तिनं लिहिलं नसतं तर तुम्ही मला थेट मयताचं कार्डच धाडलं असतंत, वरचा कोपरा फाडलेलं.

तुमचं वाक्य मी हणमंतप्पांना ऐकवलं होतं, मुकादमानं जागा सोडायची नसते म्हणून. ते म्हणाले, ‘आणि त्या बाई आजारी पडल्या तर?’ मी हसलो. आमच्या आत्याला आजार ओळखत नाही म्हणालो. त्याच आठवड्यात चांगुणाचं पत्र आलं. तेव्हापासून जेवण जात नाही मला.

वडील गेल्यावर मला कुणी शाळेत घातलं, बार्शीला खोली कुणी बघून दिली, हे मी विसरलो असं वाटलं का तुम्हाला? मला तुम्ही हव्या आहात. संस्था नंतर.

उद्यापासून चांगुणाला खिडकीत बसवा आणि बार्शीला जा. लोक काय, आज कुरकुरतील, उद्या येतील. रजा काढून मी येतोच आहे, तारीख तेवढी कळवा. ह्यात आता वाद नको.

बलभीम


निंबोळवाडी,
२८ जानेवारी १९८७

चि. बलभीमा,

बसीवलं चांगुणाला खिडकीत, तू म्हनलास तसं. झालं समाधान?

तुझं पत्र आलं तसं म्या चांगुणाला आधी शिव्या घातल्या, मंग जवळ घेतलं. संध्याकाळी रांगेत जाहीर केलं, सकाळपासून ही बसनार, मी दवाखान्याला चालले. कोन काय बी बोललं न्हाय. मला वाटलं, चला, सोपं व्हतं की. सकाळी खिडकी उघडली तर समोर चार मानसं. चार! समदी बौद्धवाड्यातली. बाकीच्यांच्या किटल्या भट्टीच्या वाटंला लागलेल्या. तात्याराव पुढं. त्यो संस्थेचा उपाध्यक्ष, मोठा बागायतदार, आन् त्योच पुढं! म्या आडवी गेले. म्हनले, तात्याराव, ही कुठली रीत? तर म्हनतो कसा, ‘आत्याबाई, पोरीबद्दल आमचं काय बी म्हननं न्हाय. पन तुमच्या हातानं व्हतं तवर ठीक व्हतं.’ ना राग, ना आवाज. भांडला असता तर म्या त्येला उभा चिरला असता.

कॅनाच्या तळाला दूध लागलं नुसतं. सिद्रामप्पानं कॅन हलवून बघितलं आन् नुसती मान हलीवली. म्हनला, बाई, आजच्या दिवस मी गप बसतो, पुन्यांदा असं व्हऊ देऊ नका.

चांगुणा कॅनांच्या मागं जाऊन रडली. मंग तोंड धुतलं, आन् तीच कॅनं धुवाय बसली. मला ते बघवंना.

सांजच्याला मी परत खिडकीत. रांग परत जशीच्या तशी. तात्याराव तर मला रामराम घालून गेला, काय बी झालं न्हाय असं.

तू म्हनलास, आज कुरकुरतील उद्या येतील. उद्यापतुर थांबायचा दम कुठं हाय रे आपल्याकडं? बलभीमा, तुला खोटं सांगनार न्हाय आता. पोटात दुखतं तवा डोळ्यापुढं अंधारी येती. मला मरनाचं भ्या न्हाय असं म्या जगाला सांगते. पन भ्या वाटतंय. मी गेले आन् संस्था बी गेली, तर मंग आयुष्यभर केलं काय म्या?

आत्या


बंगलोर,
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय आत्या,

चूक माझी. पत्र वाचलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. जी गोष्ट करू नये म्हणून मला इथं ठेवलंय, तीच मी तुम्हाला करायला सांगितली. चालू बोलणी तोडून यंत्र बदलायला लावलं.

गंमत ऐका, म्हणजे रडगाणं म्हणा. त्याच सुमाराला मी इथं पहिला प्रयोग केला. बोलणं धरून ठेवणारा तुकडा काढला आणि त्याच्यापेक्षा चांगला, नवा तुकडा त्या जागी ठेवला. टेबलावर चार फोन लावले होते. तुकडा बदलला आणि चारही फोन मुके झाले. तुटले नाहीत, नुसते मुके. दोन्हीकडची माणसं हॅलो हॅलो करत बसली. नव्या तुकड्यात एकही चूक नव्हती, पण कोण कुणाशी बोलतंय हे जुन्याच्या डोक्यात होतं, आणि ते त्याच्यासोबतच गेलं. चांगुणाचंही तेच झालं. तिच्या हातात काही कमी नाही. पण लोकांचं जे बोलणं आहे, ते अजून तुमच्याशी चालू आहे.

आता आम्ही असं करतोय. जुना तुकडा काढायचा नाही. नवा त्याच्या शेजारी उभा करायचा. जुन्याच्या डोक्यात जे आहे ते नव्याला सांगायचं. मग नवीन येणारा प्रत्येक फोन नव्याकडं पाठवायचा. जे आधीच बोलतायत, त्यांना हात लावायचा नाही, ते जुन्याकडंच राहतील. त्यांची बोलणी जशी संपतील तसा जुना आपोआप मोकळा होत जातो. शेवटचं बोलणं संपलं की त्याला उचलायचं. कुणाला कळतसुद्धा नाही. मुकादमाचंही तसंच. दुसरा मुकादम पहिल्याच्या शेजारी बसवायचा, पहिला ऐकतो ते सगळं त्यानंही ऐकायचं. म्हणजे पहिला उठला तरी गादी रिकामी होत नाही.

तुमच्या छावणीत लांबून आलेली माणसं आहेत म्हणालात. त्यांनी तुमच्या हाताची डिग्री कधी बघितलेलीच नाही. त्यांची सुरुवातच चांगुणापासून झाली तर? जुन्यांना काही सांगू नका, काही जाहीर करू नका. ज्याचं त्यानं ठरवू द्या.

एक मात्र आहे. आमच्याकडं एखादं बोलणं संपतच नाही. तासन्‌तास फोन धरून बसणारा कुणीतरी असतोच. त्याच्यासाठी किती थांबायचं? साहेब म्हणतात, शेवटी एक वेळ ठरवावी लागते. तुमची वेळ डॉक्टरांनी ठरवलेली आहे, आत्या. होळीच्या पुढं मी एक दिवस ऐकणार नाही.

तुमचा मूर्ख भाचा,
बलभीम


निंबोळवाडी,
२० मार्च १९८७

चि. बलभीमा,

मूर्ख हायेस खरा, पन आपला हायेस. होळी झाली, उद्या बार्शीला निघते. तू परवा पोचशील, तवर हे पत्र तुझ्या वाटंवरनं उलटं बंगलोरला जाईल. तरी लिहिते. उद्याचं काय सांगावं? आन् झालं तसं कुनाला तरी सांगितल्याबिगर मला चैन पडनार न्हाय.

संस्थेच्या खोलीला रस्त्याच्या अंगाला दुसरी खिडकी व्हती, पोती ठिवून बुजलेली. ती उघडली. तिथं चांगुणाला बसीवलं, दुसरी डिग्रीची नळी दिली. छावनीतल्या मानसांना म्हनले, तुमची खिडकी ती. त्यांना काय, ती बिचारी गपगुमान तिथं उभी ऱ्हायली. गावाला काय बी सांगितलं न्हाय.

रोज कामं उरकली की मी तिला डोक्यातलं सांगत बसले. कुनाची म्हस कवा व्याली, कुनाची आटत आलीया. कोन सकाळी चांगलं दूध आनतं आन् सांजच्याला चरवी पान्यानं इसळून तसंच घालतं. परत करायचं तर आवाज चढवायचा न्हाय, चरवी दोन हातांनी परत द्यायची, म्हंजी मानसाचा मान ऱ्हातो. मला कुठं ठाऊक व्हतं की येवढं भरलंय माझ्या डोक्यात! सांगता सांगता मलाच दम लागायचा.

आपल्या गावातनं पैली कडूबाई फुटली. म्हातारी, तिला उभं ऱ्हावत न्हाय. माझी रांग लांब, चांगुणाची मोकळी. म्हनली, ‘माझं गुडघं गेलं, कुनाचा का हात असंना!’ आन् गेली तिकडं. दुसऱ्या दिशी तिची सून गेली. मंग गोरोबा गेला, त्येला नेहमीचीच घाई. कोन कडूबाईच्या मागं, कोन गोरोबाच्या मागं. मी मुद्दाम हळू काम करत व्हते असं लोक म्हनतात. मुद्दाम कुठलं रे, व्हतच न्हवतं माझ्याच्यानं. पन म्हनू द्या.

तात्याराव तेवढा ऱ्हायला. माझ्या खिडकीपुढं एकटाच. तिकडं रांग, हिकडं त्यो आन् मी. तू लिवलं व्हतंस न्हवं, एखादं बोलनं संपतच न्हाय, ते हेच. एक डाव वाटलं, ह्येच्यासाठी म्हनून अजून आठ दिस बसावं. उपाध्यक्ष हाय, त्यो गेला तर बाकीचे बी परततील. मंग चांगुणानं माझ्याकडं असं बघितलं की म्या गुमान पिशवी भरली.

आज त्येला सांगितलं, ‘तात्याराव, उद्यापासून ही खिडकी बंद. तुमचं तेवढं ऱ्हायलंय.’ सांजच्याला त्येचा गडी आला, म्हनला मालकांनी तुमच्यासाठी जीप सांगितलीय बार्शीला न्यायला, गादी टाकून. आन् त्येच गड्याच्या हातात किटली, भट्टीला चाललेली. आता ह्या मानसाला काय म्हनावं तूच सांग.

काय कमीजास्त झालं तर चांगुणाच्या पाठीशी उभा ऱ्हा.

आत्या


बंगलोर,
१२ एप्रिल १९८७

चांगुणाताई,

जयभीम. बार्शीहून निघताना आत्या ‘जा तू तुझ्या वायरींकडं’ म्हणून ओरडल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. ओरडता येतंय म्हणजे टाके धरलेत. डॉक्टर म्हणाले गाठ पूर्ण निघाली, वेळेत आलात. वेळेत आलात हे शब्द मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. तुमच्या पत्रामुळं, हे मी आयुष्यात विसरणार नाही.

आमची चाचणी काल झाली. ऐकाच. बदल होत असताना एक फोन सतत चालू ठेवायचा होता, तुटतो का ते बघायला. फोनच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमचा कल्याणप्पा, आळंदच्या बाजूचा, मराठी अर्धीमुर्धी समजणारा. बोलायचं काय? हवापाणी झालं, जेवण झालं, मग दोघंही गप. हणमंतप्पा काचेपलीकडून हातवारे करतायत, बोला, बोला! खिशात आत्यांचं पत्र होतं, दोन खिडक्यांचं. ते काढलं आणि फोनवर मोठ्यानं वाचायला लागलो.

कडूबाईच्या गुडघ्यापर्यंत आलो तेव्हा नवा तुकडा उभा राहिला. तात्याराव एकटे उरले तेव्हा मुकादम बदलला. मला कळलंसुद्धा नाही. किटली भट्टीला चालली ह्या ओळीवर मी थांबलो. तिकडून कल्याणप्पा ओरडला, ‘अरे पुढं बोल की! तो तात्याराव आला की नाही?’

काचेपलीकडं सगळे टाळ्या वाजवत होते. बोलणं तुटलं नव्हतं, चांगुणाताई.

तर कल्याणप्पा रोज विचारतो, आणि मीही विचारतो. तात्याराव आले का? कॅन भरतं का? आत्या निंबोळवाडीला पोचल्या की त्यांना खिडकीपासून चार हात लांब ठेवा. तुमच्याच्यानं होणार नाही, ठाऊक आहे, पण सांगायचं काम केलं.

बलभीम


निंबोळवाडी,
१० मे १९८७

चि. बलभीमा,

माझं पत्र तू फोनवर वाचलंस? त्या कानडी मानसाला माझ्या पोटाचं समदं कळलं असंल! लाज कशी वाटली न्हाय रे तुला? आन् त्येला सांग, पुढचं खाली लिवलंय, आता फोनवर वाचायची गरज न्हाय. बरं, वाचलं तरी चालंल.

मी घरी आले तर कोनाला माझी गरजच न्हाय. सिद्रामप्पाची गाडी येती, भरलेलं कॅन घेती, जाती. छावनीतल्या बाया चांगुणाला ‘बाई’ म्हनत्यात. मी ओट्यावर बसून बघायची. खरं सांगते, पैल्या दिशी बरं वाटलं, दुसऱ्या दिशी लई रडू आलं. वाटलं, येवढीच व्हती का आपली किंमत, एका खिडकीयेवढी? मंग म्हनले, गप ए म्हातारे, हेच मागत व्हतीस न्हवं?

काल पैल्यांदा माझी म्हस म्या सवता पिळली. डॉक्टरनं नगं म्हनलंय, तू ओरडू नगंस. चरवी घेतली आन् गेले संस्थेत. माझी जुनी खिडकी बंद. गेले चांगुणाच्या रांगेत, कडूबाईच्या मागं. लोक म्हनायले, आत्याबाई, पुढं व्हा, पुढं व्हा. म्या म्हनले, कामून? रांग हाय की.

माझा नंबर आला. चांगुणानं चरवी घेतली, डिग्री सोडली. नळी खाली गेली. तिनं परत सोडली. परत खाली गेली. तिचं तोंड पांढरं पडलं. मी तिच्याकडं बघतेय, ती माझ्याकडं बघतीया. मंग मला आठवलं, चरवी इसळली व्हती आन् पालथी घालायचीच ऱ्हायली. पोटाला कळ आली म्हनून तशीच धार काढाय बसले. तळाला पानी ऱ्हायलेलं.

तात्याराव पलीकडं रस्त्यावर किटली घेऊन उभा, भट्टीकडं चालला व्हता, मला बघून थांबलेला.

चांगुणानं चरवी दोन हातांत धरली. आवाज चढवला न्हाय. म्हनली, ‘आत्याबाई, डिग्री बसत न्हाय. दूध परत.’

बलभीमा, माझं तोंड असं तापलं की काय सांगू! समद्या गावाचं दूध परत केलं म्या, माझं आजवर कोनी केलं न्हवतं. एक डाव तोंडावर आलं व्हतं की सांगावं, अगं पानी घातलेलं न्हाय, ऱ्हायलंय. पन तसं तर समदेच सांगत्यात. म्या चरवी घेतली, दोन हातांनी. आन् बाजूला सरकले. आतनं मात्र असं काही भरून आलं की डोळं पुसायला पदर सापडंना.

तवर माझ्या मागनं कुनी तरी खाकरलं. बघते तर तात्याराव, रस्ता वलांडून आलेला. माझ्या हातातल्या चरवीकडं बघितलं, चांगुणाकडं बघितलं. मंग आपली किटली खिडकीत ठिवली आन् म्हनला,

‘चांगुणाबाई, माझी लावा.’

तिनं लावली. डिग्री बसली.

मी घरी येऊन त्याच पानचट दुधाचा चहा केला. आजवर इतका ग्वाड चहा प्याले न्हाय म्या. तू आलास की तुला बी करून देईन, चरवी पालथी घालून.

आत्या